भिंत, खोडाखोड आणि सोनेरी चौकट : ज्याँ-मिशेल बास्किआच्या चित्रांच्या आकलनाचा प्रश्न

प्रास्ताविक

ज्याँ-मिशेल बास्किआ (१९६०–१९८८) या न्यूयॉर्कच्या चित्रकाराविषयी जेव्हा जेव्हा लिहिले जाते, तेव्हा तेव्हा एक ठरावीक कथा सांगितली जाते. शाळा अर्ध्यावर सोडलेला, कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढलेला एक कृष्णवर्णीय मुलगा रात्री-अपरात्री मॅनहॅटनच्या भिंतींवर लिहीत फिरतो; कलाविश्वाची नजर त्याच्यावर पडते; विशी-एकविशीत तो कलादालनात पोहोचतो, अमाप पैसा मिळवतो आणि सत्ताविसाव्या वर्षी हेरॉइनच्या अतिसेवनाने मरण पावतो. ही कथा खोटी आहे असे म्हणता येणार नाही. तिच्यातील बहुतेक घटना खऱ्याच आहेत. परंतु ती इतकी बांधेसूद आहे की ती ऐकल्यानंतर चित्रांकडे पाहण्याची गरजच उरत नाही. प्रस्तुत निबंधात बास्किआचे चरित्र सांगण्याचा हेतू नाही. या कथेने त्याच्या समीक्षेवर कोणता परिणाम केला, हे तपासण्याचा हेतू आहे. 'रस्त्यावरून कलादालनाकडे' या वर्णनातील रस्ता नेमका कोणता होता, 'स्वयंशिक्षित' या विशेषणाखाली काय काय झाकले गेले आणि त्याच्या चित्रांतील शब्द, विशेषतः खोडलेले शब्द, कसे वाचावेत, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

मराठीत हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. आपल्याकडे दलित साहित्याच्या संदर्भात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा तौलनिक विचार होत आला आहे. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती वाट आखून दिली, आणि 'दलित पँथर' (१९७२) या नावातच हा संबंध उघडपणे सांगितलेला आहे. मात्र हा अभ्यास बहुतांशी कविता, कादंबरी आणि आत्मकथन यांभोवती राहिला. चित्रकलेकडे तो अपवादानेच वळला. दुसरे असे की, 'अस्सल', 'रांगडे', 'उत्स्फूर्त', 'अनुभवातून थेट आलेले' ही विशेषणे आपल्या समीक्षेलाही नवीन नाहीत. ती गौरव म्हणून वापरली जातात. परंतु ज्याच्यासाठी वापरली जातात त्याच्या रचनाकौशल्याची चर्चा करण्याची जबाबदारी ती समीक्षकाच्या खांद्यावरून अलगद उतरवतात. या विशेषणांचे काय होते, हे दुसऱ्या देशातील आणि दुसऱ्या कलेतील एका उदाहरणावरून पाहणे आपल्यालाही उपयोगाचे ठरावे.

येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखकाने ही चित्रे ग्रंथांतील प्रतिकृतींमधून आणि चित्रपटांतून पाहिली आहेत. रंगाचा थर, पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि प्रत्यक्ष आकाराचा परिणाम यांविषयी अधिकाराने बोलणे त्यामुळे शक्य नाही. प्रतिकृतीत जे टिकून राहते ते म्हणजे रचना आणि अक्षरे. म्हणून या निबंधाचा भर वाचण्यावर आहे. साहित्याच्या अध्यापकाची ती सवयही आहे, हे मान्य केले पाहिजे.

भिंत आणि तिचा वाचक

न्यूयॉर्कमधील ग्राफिटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भुयारी रेल्वेचे रंगवलेले डबे येतात. 'टाकी १८३' हे टोपणनाव आणि रस्ता-क्रमांक शहरभर लिहिणाऱ्या तरुणाची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १९७१ मध्ये छापली आणि ही प्रथा सर्वज्ञात झाली. या लेखनात मध्यवर्ती गोष्ट होती ती नावाची. आपले नाव, तेही फक्त आपल्यासारख्याच लिहिणाऱ्यांना ओळखू येईल अशा वळणदार अक्षरांत, जास्तीत जास्त डब्यांवर उमटवायचे. गाडी ते शहरभर फिरवील. नॉर्मन मेलरने १९७४ मध्ये या नावांवर एक दीर्घ निबंध लिहिला, तोही याच नामलेखनाच्या श्रद्धेविषयी होता.

बास्किआचे भिंतीवरील लेखन या परंपरेत नीट बसत नाही. 'सिटी-अ‍ॅज-स्कूल' या मॅनहॅटनमधील प्रयोगशील शाळेत त्याची अल डियाझ या सहाध्यायाशी मैत्री झाली. डियाझ हा खऱ्या अर्थाने ग्राफिटीवाला होता. त्याला त्या जगाचे नियम ठाऊक होते. दोघांनी मिळून १९७७ च्या सुमारास 'सेमो' हे काल्पनिक पात्र रचले. 'तेच ते, जुनेच' अशा अर्थाच्या एका शिवराळ बोलीप्रयोगाचे हे लघुरूप. सेमोच्या नावाने भिंतीवर जे उमटले ती चित्रे नव्हती आणि वळणदार सही तर नव्हतीच. ती वाक्ये होती. सरळ, सुवाच्य, मोठ्या लिपीतील, कोणालाही वाचता येतील अशी वाक्ये. आणि शेवटी प्रताधिकाराचे चिन्ह. मेंदू धुणारा धर्म, कोठेही न पोहोचणारे राजकारण आणि भोंदू तत्त्वज्ञान यांवरचा उतारा म्हणजे सेमो, असा एका लेखनाचा आशय होता. बापाच्या पैशावर क्रांतिकारक कलावंत म्हणून मिरवणाऱ्यांची टर दुसऱ्यात उडवली होती.

ही वाक्ये कोठे लिहिली होती, ही बाब येथे निर्णायक ठरते. ती ब्राँक्समधील गाडीच्या डब्यांवर नव्हती. ती सोहो आणि ईस्ट व्हिलेजमध्ये, म्हणजे जेथे कलादालने होती, चित्रकार राहत होते, उद्घाटनांना गर्दी होत असे, त्या गल्ल्यांमध्ये होती. वाचक आधी निवडला गेला होता आणि मग भिंत. जाहिरातीची भाषा, तत्त्वज्ञानाचा आव आणि हक्कांची कायदेशीर खूण या तिन्हींचे विडंबन एकत्र करणारे हे लेखन उपरोधिक गद्याचा प्रकार म्हणून वाचले पाहिजे. 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने डिसेंबर १९७८ मध्ये सेमोच्या मागील तरुणांवर लेख छापला. पुढे मैत्री तुटली आणि 'सेमो मरण पावला आहे' ही घोषणाही त्याच भिंतींवर झळकली.

म्हणजे रस्ता आणि कलादालन यांत जे प्रचंड अंतर कथेत सांगितले जाते, ते प्रत्यक्षात दोन-चार गल्ल्यांचे होते. अंतर होते ते वेगळ्या प्रकारचे. ते वर्णाचे होते. पुढील तपशील थोडक्यात सांगता येतो. जून १९८० मध्ये 'टाइम्स स्क्वेअर शो', फेब्रुवारी १९८१ मध्ये पी.एस. वन येथील 'न्यूयॉर्क/न्यू वेव्ह', मे १९८१ मध्ये इटलीतील मोडेना येथे सेमो याच नावाने पहिले एकल प्रदर्शन, मार्च १९८२ मध्ये न्यूयॉर्कला अनिना नोसेई यांच्या दालनात एकल प्रदर्शन आणि त्याच वर्षी जर्मनीतील कासेलच्या सातव्या 'डॉक्युमेंटा'त सहभाग. त्या वेळी त्याचे वय एकवीस वर्षांचे होते आणि तेथील सहभागी कलावंतांत तो सर्वांत तरुण होता.

'स्वयंशिक्षित' या शब्दाविषयी

बास्किआने कलेचे औपचारिक शिक्षण घेतले नाही, हे विधान खरे आहे. पण शिक्षण न घेणे आणि अशिक्षित असणे यांतील फरक त्याच्याविषयीच्या लेखनात फार लवकर पुसला जातो. त्याचे वडील हैतीहून आलेले, व्यवसायाने हिशेबतपासनीस. ब्रुकलिनमध्ये त्यांचे स्वतःचे घर होते. आई पोर्तोरिकन कुळातील. ती मुलाला संग्रहालयांत नेत असे आणि सहाव्या वर्षी तो ब्रुकलिन म्युझियमचा बालसभासद होता. घरात इंग्रजी, स्पॅनिश आणि फ्रेंच या भाषांचा वावर होता. आईवडील विभक्त झाल्यानंतर काही काळ तो वडिलांबरोबर पोर्तोरिकोतही राहिला. पंधराव्या वर्षी तो घरातून पळाला आणि उद्यानातील बाकांवर झोपला, हेही खरे. परंतु ज्या घरातून तो पळाला ते घर वाचणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या मध्यमवर्गाचे होते. कथेला ही माहिती अडचणीची वाटते, म्हणून ती तळटिपेत जाते.

१९६८ मध्ये रस्त्यावर खेळताना त्याला मोटारीने धडक दिली. हात मोडला, प्लीहा काढावी लागली. रुग्णालयातील मुक्कामात आईने त्याला 'ग्रेज अ‍ॅनाटमी' हा शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ आणून दिला. सात-आठ वर्षांच्या मुलाने आपल्याच फाटलेल्या शरीराचा नकाशा ग्रंथात पाहावा, ही घटना चरित्रकारांना भावुक करते. समीक्षकाने मात्र तिचा माग चित्रांत काढला पाहिजे. त्याच्या असंख्य चित्रांत आणि रेखाटनांत हाडे, दात, स्वरयंत्र, कवट्या आणि त्यांची लॅटिन-इंग्रजी नावे येतात. आकृती आणि तिच्या शेजारी नाव, ही पाठ्यपुस्तकाची पद्धत आहे. बास्किआ तीच पद्धत घेतो आणि कधी नाव ठेवून अवयव गाळतो, कधी अवयव ठेवून भलतेच नाव देतो. पाठ्यपुस्तकाची ही मोडतोड करण्यासाठी पाठ्यपुस्तक नीट वाचलेले असावे लागते.

त्याच्या अभ्यासिकेतील इतर पुस्तकांचीही माहिती उपलब्ध आहे. लिओनार्दोवरील एक मोठा ग्रंथ; आफ्रिकेतील शैलचित्रांवरील पुस्तक; आणि हेन्री ड्रेफसचा जगभरच्या चिन्हांचा कोश. या शेवटच्या पुस्तकात अमेरिकेत गावोगाव भटकणाऱ्या बेघर मजुरांची चिन्हे दिलेली आहेत. येथे कुत्रा चावतो, येथे जेवण मिळते, येथे काही मिळणार नाही, अशा सूचना हे लोक भिंतींवर आणि कुंपणांवर एकमेकांसाठी कोरून ठेवत. बास्किआच्या अनेक चित्रांत ही चिन्हे येतात. म्हणजे ज्याला 'भिंतीवरचा मुलगा' म्हटले गेले, त्याने भिंतीवरील लेखनाचा एक जुना प्रकार ग्रंथातून शिकून कॅनव्हासवर आणला. येथे मार्ग रस्त्यावरून दालनाकडे जात नाही; तो ग्रंथालयातून जातो. साय ट्वॉम्ब्लीच्या गिरगटण्यासारख्या अक्षरांशी त्याच्या रेषेचे नाते उघड आहे आणि ते त्याने स्वतः नाकारले नव्हते. ट्वॉम्ब्लीच्या बाबतीत मात्र आदिमपणा, बालसुलभता ही 'घेतलेली भूमिका' ठरते. बास्किआच्या बाबतीत तोच गुण 'स्वभाव' ठरतो.

या दुटप्पीपणाची जाणीव त्याला पुरेपूर होती. एका मुलाखतकाराने त्याच्या कलेला आदिम अभिव्यक्तीवाद म्हटल्याचा उल्लेख केला, तेव्हा त्याने वानराशी संबंध जोडून प्रतिप्रश्न केला. मुलाखतीतली ती क्षणभराची अवघड शांतता ध्वनिचित्रफितीत आजही पाहायला मिळते. अनिना नोसेई यांच्या दालनाच्या तळघरात तो काम करीत असे. त्यावरून 'तळघरात कोंडून चित्रे काढून घेतली जातात' अशी वदंता पसरली. त्यावर त्याचे म्हणणे असे होते की मी गोरा असतो तर यालाच निवासी कलावंत म्हटले गेले असते. या एका वाक्यात संस्थात्मक परिभाषेची जी चिकित्सा आहे, ती अनेक सैद्धांतिक निबंधांत सापडत नाही.

रेने रिकार्डने डिसेंबर १९८१ च्या 'आर्टफोरम'मध्ये लिहिलेल्या 'द रेडिअंट चाइल्ड' या निबंधाचा उल्लेख येथे करावाच लागेल. बास्किआच्या कीर्तीचा आरंभ या निबंधाने झाला असे मानले जाते. तथापि, शीर्षकातील 'तेजस्वी बालक' ही मुळात कीथ हेरिंगची खूण होती. रांगणाऱ्या, किरणे फेकणाऱ्या बाळाची. निबंधही अनेक चित्रकारांविषयी होता. दुसऱ्याच्या चित्रातील बाळाचे नाव बास्किआला चिकटले आणि पुढे त्याच्यावरील माहितीपटाचेही (२०१०) तेच शीर्षक झाले. रिकार्ड हा संवेदनशील लेखक होता. त्याचा निबंध आजही वाचनीय आहे. पण वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय पुरुषाला 'बालक' म्हणण्याचा अमेरिकन इतिहास काय आहे, हे त्या वेळी कोणाला खटकल्याचे दिसत नाही.

खोडलेले शब्द

बास्किआच्या चित्रांत शब्द लिहिलेले असतात आणि त्यांतील पुष्कळ खोडलेले असतात. रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन या आफ्रिकी कलेच्या अभ्यासकाशी बोलताना त्याने याचे कारण सांगितले आहे: शब्द नीट दिसावा म्हणून आपण तो खोडतो, अस्पष्ट झाल्यामुळेच तो वाचावासा वाटतो. हे स्पष्टीकरण वारंवार उद्धृत होते आणि तेथेच थांबले जाते. वस्तुतः खोडण्याचे कार्य प्रत्येक चित्रात निराळे आहे.

'चार्ल्स द फर्स्ट' (१९८२) हे चित्र घेऊ. तीन पट्ट्यांचे हे चित्र सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करला वाहिलेले आहे. शीर्षकात चार्ली आणि इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स (ज्याचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला) यांची सांगड आहे. चित्राच्या खालच्या भागात एक वाक्य आहे: बहुतेक तरुण राजांची डोकी छाटली जातात. त्यातील 'तरुण' हा शब्द आडव्या रेघेने खोडला आहे. शब्द ठेवून वाचले तर हे पार्करविषयीचे (आणि आज आपण अपरिहार्यपणे म्हणू, बास्किआविषयीचे) विलापवाक्य होते. शब्द गाळून वाचले तर ते राजसत्तेविषयीचे एक कोरडे ऐतिहासिक विधान होते. रेघ या दोन्ही वाचनांना एकाच वेळी जिवंत ठेवते. भावविवशता लिहायची आणि लगेच तिच्यावर रेघ ओढायची, पण मिटवायची नाही, ही कृती भाषिक संयमाची आहे. तिला उत्स्फूर्त म्हणणे म्हणजे ती न वाचणे होय.

'हॉर्न प्लेअर्स' (१९८३) या तीन फलकांच्या चित्रात डावीकडे पार्कर, उजवीकडे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि मध्ये एक मस्तक आहे. भोवती काळ्या पार्श्वभूमीवर खडूने लिहावेत तसे शब्द आहेत. 'ऑर्निथॉलॉजी', म्हणजे पक्षिशास्त्र, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पार्करला 'बर्ड' म्हणत आणि या नावाची त्याची एक प्रसिद्ध रचना आहे; तेव्हा शब्दाचा खुलासा सोपा वाटतो. पण त्याच्या आसपास दात, स्वरयंत्र, कान असे अवयववाचक शब्द आहेत. ज्या अवयवांनी संगीत निर्माण होते आणि ऐकले जाते, त्यांची ही यादी. तिच्याशेजारी 'अल्केमी', किमया. आणि 'प्री' व 'चॅन' ही दोन नावे: पार्करची बालवयात वारलेली मुलगी आणि त्याची सहचरी. शास्त्र, शरीर, किमया आणि घरातील मृत्यू हे सारे एकाच फळ्यावर, एकाच हाताने, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिलेले आहे. कोणता शब्द महत्त्वाचा आणि कोणता कमी, हे अक्षरांचा आकार सांगत नाही. पुनरावृत्तीमुळे शब्द अर्थ गमावतो आणि सूर बनतो. पार्करचे वादन जसे ओळखीच्या गाण्याच्या स्वरसंगतीवर नवी धून रचते, तशी ही शब्दरचना ज्ञात शब्दांवर उभी आहे. या रचनातत्त्वाकडे न पाहता 'जाझचा प्रभाव' असे सैलपणे म्हणून भागत नाही.

'हॉलिवुड आफ्रिकन्स' (१९८३) हे चित्र अधिक कडवट आहे. रामेलझी आणि टॉक्सिक या दोन ग्राफिटीकारांसह तो लॉस एंजेलिसला गेला होता. चित्रात तिघांची मस्तके आहेत. पिवळ्या पार्श्वभूमीवर 'ऊस', 'तंबाखू', 'गुंडगिरी' अशा अर्थांचे शब्द आणि '१९४०' हे वर्ष. मळ्यांतील गुलामी आणि चित्रपटांतील ठरावीक भूमिका यांना जोडणारा हा शब्दपट आहे. १९४० हे हॅटी मॅकडॅनियलला ऑस्कर मिळाल्याचे वर्ष. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत आणि भूमिका मोलकरणीची. समारंभात तिला निराळ्या मेजावर बसवले गेले होते. बास्किआच्या मनात हीच घटना होती, असे सिद्ध करता येणार नाही. परंतु चित्रातील '१९४०' आपल्याला तेथवर नेतो, एवढे नक्की. स्वतःच्या चेहऱ्याशेजारी त्याने आपल्या जन्मतारखेचे आकडे लिहिले आहेत: १२, २२, ६०. आरोपीच्या छायाचित्राखाली क्रमांक असावा तसे. हॉलिवुडने दिलेल्या यादीत कलावंत स्वतःचीही नोंद करतो, स्वतःला वगळत नाही. मला या चित्रातील हे सर्वांत प्रामाणिक स्थळ वाटते.

आक्षेपांचा विचार

बास्किआच्या निधनानंतर रॉबर्ट ह्यूज या प्रभावी समीक्षकाने 'रेक्विअम फॉर अ फेदरवेट' या लेखात त्याला हलक्या वजनाचा कलावंत ठरवले. ह्यूजचा रोख ऐंशीच्या दशकातील तेजीच्या कलाबाजारावर होता आणि तो रास्तही होता. बाजाराने फुगवलेले मूल्य म्हणजे कलामूल्य नव्हे, हे त्याचे म्हणणे कोण अमान्य करील? पण बाजार पोकळ आहे म्हणून चित्रही पोकळ आहे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. गंमत अशी की ह्यूज आणि बास्किआचे अंध स्तुतिपाठक यांचे गृहीतक एकच आहे: या मुलाला शिकवलेले काही नव्हते. एकाला त्यात उणीव दिसते, दुसऱ्यांना चमत्कार.

ह्यूजच्या आक्षेपात काही तथ्य नाही, असेही म्हणता येत नाही. १९८१ ते १९८३ या तीन वर्षांतील कामाची घनता नंतरच्या कामात सातत्याने आढळत नाही. अँडी वॉरहोलसह केलेली संयुक्त चित्रे (टोनी शाफ्राझी यांच्या दालनात सप्टेंबर १९८५ मध्ये प्रदर्शित) मला बहुतांशी दोन स्वगतांसारखी वाटतात. वॉरहोल व्यापारचिन्ह काढतो, बास्किआ त्यावर गिरवतो, संवाद क्वचितच घडतो. काही उशिराच्या चित्रांत मुकुट आणि खोडलेले शब्द ही सवय झाली आहे. तीन टोकांचा जो मुकुट पूर्वी मुष्टियोद्ध्याला किंवा वादकाला दिलेला सन्मान होता, तो पुढे सहीसारखा यांत्रिक होतो. हे मान्य केल्याने कलावंताचे महत्त्व कमी होत नाही. उलट, यश-अपयशाची अशी निवड करणे म्हणजेच त्याला गंभीरपणे घेणे. त्या प्रदर्शनाविषयी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या परीक्षणात बास्किआ वॉरहोलचा शोभेचा सोबती झाल्याची संभावना केली गेली. ती मात्र चित्रांची समीक्षा नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच वृत्तपत्राच्या नियतकालिकाने महागडा सूट घातलेल्या, अनवाणी बास्किआचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले होते आणि लेखाचा विषय होता नवी कला, नवा पैसा.

बेल हुक्स यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या निबंधाने ही कोंडी काही प्रमाणात फोडली. व्हिटनी म्युझियममधील १९९२ च्या सिंहावलोकी प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी बास्किआच्या चित्रांतील तुटलेल्या, अपुऱ्या कृष्णदेहांकडे लक्ष वेधले. युरोपीय कलेच्या परंपरेशी त्याचे नाते शोधून त्याला मान्यता देणाऱ्या समीक्षकांच्या मर्यादाही त्यांनी दाखवल्या. हा इशारा प्रस्तुत निबंधालाही लागू होतो. ट्वॉम्ब्लीचे नाव घेऊन बास्किआची प्रतिष्ठा वाढवणे हाही एक प्रकारचा आश्रय देणेच आहे. त्यावर उपाय एकच दिसतो: संदर्भांच्या यादीत पार्कर, हैती, बेघरांची चिन्हे आणि ट्वॉम्ब्ली यांना एकाच पंक्तीला बसवणे, जसे 'हॉर्न प्लेअर्स'मध्ये शब्द बसले आहेत.

कथेची किंमत

मे २०१७ मध्ये त्याचे १९८२ मधील एक शीर्षकहीन कवटीचित्र न्यूयॉर्कच्या लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरला विकले गेले. हेच चित्र १९८४ मध्ये सुमारे २० हजार डॉलरला गेले होते. या आकड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. त्याहून बोधक अशी घटना २०२२ मधील आहे. फ्लोरिडातील ऑर्लँडो म्युझियम ऑफ आर्टमध्ये पुठ्ठ्यांवर काढलेली पंचवीस अज्ञात 'बास्किआ' चित्रे प्रदर्शित झाली. १९८२ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये असताना त्याने ती झटपट काढून रोख पाच हजार डॉलरला एका पटकथालेखकाला विकली आणि ती वर्षानुवर्षे भाड्याच्या कोठडीत पडून राहिली, अशी हकीकत सांगण्यात आली. एका पुठ्ठ्यावर वाहतूक कंपनीचा छापील मजकूर होता आणि ती अक्षरशैली कंपनीने १९९४ मध्ये वापरात आणली होती, हे वृत्तपत्राने दाखवून दिले. जून २०२२ मध्ये एफबीआयने सर्व चित्रे जप्त केली. पुढील वर्षी एका लिलावदाराने कबुली दिली की आपण आणि आपल्या साथीदाराने ही चित्रे बनवली. एकेका चित्राला जास्तीत जास्त अर्धा तास आणि कमीत कमी पाच मिनिटे लागली.

पाच मिनिटांत काढलेले चित्र जाणकारांना खरे का वाटले? कारण बास्किआ पाच मिनिटांत चित्र काढत असणार, असे त्या जाणकारांना आधीपासून पटलेले होते. सापडेल त्या पुठ्ठ्यावर गिरगटणारा, रोख पैशासाठी चित्र विकून टाकणारा, कोठेही नोंद न ठेवणारा रस्त्यावरचा मुलगा, या प्रतिमेत ती हकीकत अगदी चपखल बसली. वस्तुतः १९८२ च्या अखेरीस तो रस्त्यावरचा मुलगा नव्हता; तीन देशांतील दालनांत त्याची चित्रे लागली होती. बनावट चित्रांतील शब्द वाचून पाहण्याची, त्यांत 'चार्ल्स द फर्स्ट'सारखी एकतरी रेघ आहे का हे तपासण्याची तसदी घेतली गेली असती तर संशयाला जागा आधीच मिळाली असती. समीक्षेतील आळस केवळ अभ्यासकांचे नुकसान करतो असा आपला समज असतो. येथे त्याचा फायदा थेट बनावटगिरीला झाला.

एका भिंतीचा खरा प्रवास

शेवटी एका चित्राविषयी लिहिले पाहिजे. १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे मायकेल स्ट्युअर्ट या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला भुयारी रेल्वेच्या स्थानकात, भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पोलिसांनी अटक केली. पोलिसांच्या ताब्यातून तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आला आणि तेरा दिवसांनी मरण पावला. १९८५ मध्ये सहा अधिकाऱ्यांवर खटला चालला. ज्यूरीत सर्व जण गौरवर्णीय होते आणि सर्व आरोपी निर्दोष सुटले. स्ट्युअर्ट बास्किआच्या परिचितांच्या वर्तुळातील होता. त्याच्या जागी आपणही असू शकलो असतो, असे बास्किआ त्या दिवसांत म्हणत असल्याचे त्याच्या मित्रांनी नोंदवले आहे.

त्या वेळी बास्किआ नामांकित होता. कॅनव्हासची त्याला कमतरता नव्हती. तरी हे चित्र त्याने कीथ हेरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवर काढले, जेथे आधीच इतरांच्या सह्या आणि खुणा होत्या. दोन गुलाबी चेहऱ्यांचे, दंडुके उगारलेले पोलीस. मध्ये चेहरा नसलेली काळी आकृती. वर एक शब्द: 'डिफेसमेंट'. शब्दाच्या आधी स्पॅनिश पद्धतीचे उलटे प्रश्नचिन्ह, मागे सरळ प्रश्नचिन्ह आणि जवळच सेमोच्या काळातले प्रताधिकाराचे चिन्ह. इंग्रजी कायद्यात या शब्दाचा अर्थ सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण. शब्दशः अर्थ चेहरा नष्ट करणे. विद्रूप काय झाले, भिंत की माणूस, हा प्रश्न एकाच शब्दात आणि दोन चिन्हांत विचारलेला आहे. यात खोडलेले काही नाही. येथे खोडण्याचे काम पोलीस करीत आहेत.

हे चित्र विकण्यासाठी नव्हते. हेरिंगने तो स्टुडिओ सोडताना भिंतीचा तेवढा भाग कापून घेतला, त्याला नक्षीदार सोनेरी चौकट करवली आणि आपल्या पलंगाच्या वर टांगला. १९९० मध्ये हेरिंगचे निधन झाले तेव्हा ते तेथेच होते. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने या एका चित्राभोवती संपूर्ण प्रदर्शन उभे केले. भिंतीवरून दालनात खरोखर पोहोचलेले बास्किआचे चित्र कोणते, असे कोणी विचारले तर मी याचे नाव घेईन: प्लास्टरसकट, आजूबाजूच्या अनोळखी सह्यांच्या कापलेल्या कडांसकट.